‘आमेन’ आणि तलवार : शलमोनाच्या राज्यारोहणकथेतील निष्ठेचे स्वरूप

हिब्रू बायबलातील ‘राजे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागाचे आरंभीचे दोन अध्याय एका राज्यारोहणाची कथा सांगतात. वृद्ध दावीद राजा अंथरुणाला खिळलेला आहे. हयात पुत्रांपैकी वडील असलेला अदोनीया राजपदाची तयारी चालवितो. नाथान संदेष्टा आणि राणी बथशेबा राजाकडून धाकट्या शलमोनाच्या बाजूचा शब्द मिळवितात. शलमोनाला अभिषेक होतो, लोक जयघोष करतात आणि अदोनीयाचा पक्ष क्षणार्धात विरून जातो. पहिला अध्याय येथे संपतो. दुसऱ्या अध्यायात दावीद मरण पावतो आणि त्यानंतर तीन माणसे मारली जातात व एकाला हद्दपार केले जाते. कथेचा सांगाडा इतकाच. परंतु निष्ठा म्हणजे काय, ती कोणाशी असते आणि सार्वजनिक घोषणेने ती सिद्ध होते काय, हे प्रश्न या कथेने ज्या कठोरपणे विचारले आहेत, तसे प्राचीन वाङ्मयात क्वचितच विचारले गेले असतील.

या कथाभागाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः लेओनहार्ड रोस्ट या जर्मन पंडिताला द्यावे लागते. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्याने असे मांडले की, ‘शमुवेल’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील बराचसा मजकूर आणि ‘राजे’ ग्रंथाचे हे दोन अध्याय मिळून एक स्वतंत्र, एकसंध वारसाकथा होते, आणि दावीदाच्या सिंहासनावर कोण बसणार हा तिचा सूत्रप्रश्न आहे. १९४४ मध्ये गेऱ्हार्ड फोन राड याने याच कथेत प्राचीन इस्राएलातील इतिहासलेखनाचा आरंभ पाहिला. पुढे मात्र कथेच्या हेतूविषयी मतभेद झाले. शलमोनाच्या राजवटीचे समर्थन करण्यासाठी ती रचली गेली, असे काहींनी म्हटले. १९६८ मध्ये आर. एन. व्हायब्रे याने तिच्यातील राजकीय प्रचाराच्या अंगावर भर दिला. उलट, ही कथा मुळात शलमोनाच्या विरोधात आहे, असेही प्रतिपादन झाले. एकाच मजकुरातून दोन परस्परविरोधी हेतू निघावेत, याचे कारण त्या मजकुराच्या निवेदनपद्धतीतच शोधले पाहिजे. हा निवेदक पात्रांचे शब्द देतो, त्यांच्या कृती देतो. त्यांची मने मात्र तो फारशी उघडत नाही. म्हणून येथे शब्दांची बारकाईने मोजणी करणे हाच वाचनाचा खरा मार्ग ठरतो.

कथेचा आरंभ राजाच्या शरीरापासून होतो. दावीदाला कितीही पांघरुणे घातली तरी ऊब येत नाही. त्याच्या शुश्रूषेसाठी अबीशग ही शुनेमची सुंदर तरुणी आणली जाते. परंतु राजाने तिला ‘जाणले’ नाही, असे निवेदक सांगतो. ‘यादा’ हे हिब्रू क्रियापद जाणणे आणि शरीरसंबंध या दोन्ही अर्थांनी वापरले जाते. थोड्याच ओळींनंतर नाथान बथशेबेला सांगतो की, अदोनीया राजा झाला आहे आणि दावीदाला ते ‘माहीत’ नाही. बथशेबाही राजासमोर तेच क्रियापद उच्चारते. शय्येवरचे न जाणणे आणि दरबारातले न जाणणे एकाच शब्दाने जोडली गेली आहेत. राजाचे सामर्थ्य ओसरले आहे आणि त्याबरोबर त्याचे ज्ञानही. अशा राजाशी निष्ठा म्हणजे नेमकी कशाशी निष्ठा, हा प्रश्न पहिल्या काही वाक्यांतच उभा राहतो.

अदोनीयाने रथ, स्वार आणि पुढे धावणारे पन्नास जासूद ठेवले होते. अबशालोमाने बंडापूर्वी असेच केले होते, याची आठवण वाचकाला होते. आपण राज्य करणार, असे अदोनीया म्हणतो. त्याचे क्रियापद भविष्याकडे पाहणारे आहे. सेनापती यवाब आणि याजक अब्याथार त्याच्या बाजूला आहेत. एन-रोगेल येथील झोहेलेथ नावाच्या शिळेजवळ तो यज्ञभोजन घालतो आणि राजपुत्रांना व यहूदातील राजसेवकांना बोलावितो. नाथान, बनाया, दावीदाचे वीर आणि शलमोन यांना मात्र बोलावीत नाही. निवेदकाने स्वतःच्या मुखाने सांगितलेली हकीकत एवढीच. येथे अभिषेक नाही, शिंग फुंकणे नाही, जयघोष नाही.

नाथानाच्या तोंडी मात्र हीच हकीकत बदलते. बथशेबेशी बोलताना तो अदोनीया राजा ‘झाला’ असे भूतकाळात सांगतो. राजासमोर तर तो म्हणतो की, भोजनाला बसलेले लोक अदोनीयाच्या नावाने राजघोष करीत आहेत. हा घोष निवेदकाने सांगितलेला नाही आणि बथशेबेच्या निवेदनातही तो नाही. तो खरोखर झाला की नाथानाने रचला, याचा निर्णय कथा देत नाही. पण एवढे स्पष्ट होते की, घोषणेचे महत्त्व नाथानाला पुरते ठाऊक आहे. जेवणाला राजद्रोहाचे रूप द्यायचे तर तेथे एक घोष असावा लागतो.

शपथेचेही असेच आहे. शलमोनच राज्य करील, अशी शपथ दावीदाने बथशेबेला वाहिली होती, असे नाथान तिला राजापुढे बोलायला सांगतो. ‘शमुवेल’ ग्रंथात ही शपथ कोठेही आलेली नाही. नाथान तिला हे प्रश्नाच्या रूपाने विचारायला सुचवितो. बथशेबा प्रश्नाचे विधान करते आणि ती शपथ राजाने आपल्या देवाच्या नावाने वाहिली होती, अशी भर घालते. दावीद उत्तर देतो तेव्हा ती इस्राएलाच्या देवाच्या नावाने वाहिलेली शपथ झालेली असते. शब्द हातोहाती जाताना पक्का होत जातो. तिच्या पाठोपाठ येऊन आपण तिचे शब्द ‘भरू’, असे नाथान सांगतो; या हिब्रू क्रियापदात दुजोरा देणे आणि उणीव पुरी करणे या दोन्ही छटा आहेत. भारतीय वाचकाला येथे दशरथ आणि कैकेयी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वृद्ध राजा, राणी, पूर्वी दिलेले वचन आणि पुत्राचे राज्य हे सर्व घटक तेथेही आहेत. परंतु रामायणात वचन दिले गेले याविषयी कोणालाच शंका नसते. तेथील शोकान्तिका वचन खरे असल्यामुळे घडते. येथे वचनाचे खरेपणच धूसर आहे, आणि राज्य त्या धुसर पायावर उभे राहते.

दावीद शपथ मान्य करतो त्या क्षणी बथशेबा वाकून नमस्कार करते आणि आपला स्वामी दावीद राजा सदैव जगो, असे म्हणते. दरबारी रीत म्हणून हे वाक्य अगदी योग्य आहे. पण दावीदाच्या उत्तराधिकाराची व्यवस्था नुकतीच पदरात पडलेल्या राणीच्या तोंडी ते आल्याने त्यात जो ताण निर्माण होतो, त्यावर निवेदक एक शब्दही खर्च करीत नाही. याच ‘जगो’ या क्रियापदातून पुढचा जयघोष घडतो. ‘येही हम्मेलेख’ या दोन हिब्रू शब्दांचा सरळ अर्थ ‘राजा जगो’ असा आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने तेथे देवाचे नाव घालून राजाच्या रक्षणाची प्रार्थना बनविली. मुळात देवाचे नाव नाही. एका माणसाच्या जगण्याची इच्छा बोलून दाखवून त्याला राजा म्हणून मान्यता देणे, हे या घोषाचे कार्य आहे.

या घोषाला हिब्रू कथावाङ्मयात पूर्वेतिहास आहे. शौलाची निवड झाली तेव्हा लोकांनी तो केला. पण त्याच वेळी काहींनी त्याला तुच्छ लेखले व नजराणा आणला नाही, आणि शौल गप्प राहिला. म्हणजे पहिल्याच राज्यारोहणात घोष आणि नकार शेजारी शेजारी उभे आहेत. दुसरे उदाहरण अधिक सूचक आहे. अबशालोमाच्या बंडात दावीदाचा मित्र हूशय हेर म्हणून बंडखोराच्या छावणीत येतो आणि ‘राजा जगो’ हा घोष दोनदा करतो. कोणता राजा, हे मात्र तो सांगत नाही. मित्राविषयीची हीच काय तुझी निष्ठा, असा टोमणा अबशालोम त्याला मारतो. पण ती निष्ठा त्याच घोषात लपलेली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. तेव्हा घोष ऐकून निष्ठा ओळखता येत नाही, हा धडा वाचक शलमोनाच्या कथेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच शिकलेला असतो.

आता दावीदाची आज्ञा पाहावी. शलमोनाला राजाच्या स्वतःच्या खेचरावर बसवावे, गीहोन झऱ्याकडे न्यावे, सादोक याजक व नाथान संदेष्टा यांनी अभिषेक करावा, शिंग फुंकावे, शलमोन राजाच्या नावाने घोष करावा आणि मग त्याला सिंहासनावर बसवावे. घोष आज्ञेचाच एक भाग आहे. लोक काय म्हणतील, हे लोक जमण्यापूर्वी ठरले आहे. मिरवणुकीबरोबर करेथी आणि पलेथी हे राजाचे अंगरक्षक आहेत, हेही विसरून चालणार नाही. तथापि प्रत्यक्ष वर्णनात आज्ञेपेक्षा अधिक काही घडते. लोक पावे वाजवितात आणि त्यांच्या हर्षाच्या नादाने जणू भूमी दुभंगते. पाव्यांची आणि हर्षाची आज्ञा कोणी दिलेली नव्हती. त्यामुळे घोष केवळ बनावट होता, असेही वाचकाला म्हणता येत नाही. लोकांचा आनंद खरा असू शकतो आणि तरीही तो योजलेल्या मार्गाने वाहू शकतो; हे सत्य निवेदकाने दोन वाक्यांच्या अंतरात बसविले आहे.

परंतु लोकांच्या घोषाआधी एका माणसाची संमती येते आणि या कथेचे खरे केंद्र तेथे आहे. दावीदाची आज्ञा ऐकण्यासाठी तिघे उपस्थित आहेत : याजक, संदेष्टा आणि अंगरक्षकांचा नायक बनाया. धर्मवचन उच्चारण्याचा अधिकार पहिल्या दोघांचा. बोलतो मात्र तिसरा. ‘आमेन’ हा त्याचा पहिला शब्द. आपल्या धन्याच्या देवानेही असेच म्हणावे, देव दावीदाबरोबर होता तसाच शलमोनाबरोबर असावा आणि शलमोनाचे सिंहासन दावीदाच्या सिंहासनाहून मोठे व्हावे, असे तो पुढे म्हणतो.

‘आमेन’ हा शब्द मराठीत ख्रिस्ती उपासनेतून आणि कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनांतून आला आहे व भाषांतराशिवाय रुळला आहे. त्यामुळे त्याचा मूळ कठोरपणा सहसा जाणवत नाही. त्याच्या धातूचा अर्थ दृढ असणे, भरवशाचे असणे. सत्याला ‘एमेत’ आणि विश्वासूपणाला ‘एमुना’ हे शब्द याच धातूचे. हिब्रू ग्रंथांत ‘आमेन’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याचे बोलणे स्वतःवर ओढवून घेणे होय. ‘अनुवाद’ या ग्रंथात बारा शाप उच्चारले जातात आणि प्रत्येकाला लोक ‘आमेन’ म्हणतात. शाप खरा ठरला तर तो म्हणणाऱ्यावरही पडणार असतो. उलटपक्षी यिर्मया संदेष्टा हनन्याच्या आशादायक भाकिताला ‘आमेन’ म्हणतो आणि लगेच त्या भाकिताविषयी सावध करतो. म्हणजे ‘आमेन’ने बोलणारा बांधला जातो, बोललेले खरे ठरेलच असे मात्र नाही. ते खरे ठरविण्यासाठी पुढे कोणीतरी काही करावे लागते.

दावीदाच्या घराण्याला मिळालेल्या अभिवचनाशी या शब्दाचा धागा जुळलेला आहे. ‘शमुवेल’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील सातव्या अध्यायात याच नाथानाने दावीदाला सांगितले होते की, त्याचे घराणे ‘नेएमान’ राहील आणि त्याचे सिंहासन ‘नाखोन’ होईल. पहिला शब्द ‘आमेन’च्याच धातूचा, म्हणजे दृढ, विश्वसनीय, दुसऱ्याचा अर्थ स्थिर, स्थापित. वारसाकथेच्या अखेरीस या जोडीतला पहिला शब्द बनायाच्या तोंडी येतो. दुसरा कोठे येतो, हे पुढे दिसेल.

गीहोन झरा दावीदनगराच्या पूर्व उतारावर आहे. एन-रोगेल त्याच किद्रोन खोऱ्यात दक्षिणेकडे, फारसे दूर नाही. आवाज पोहोचावा पण दृश्य दिसू नये, असे हे अंतर. अदोनीयाचे पाहुणे जेवण संपवीत असतात तेव्हा नगरातला कल्लोळ त्यांच्या कानी येतो. शिंगाचा नाद प्रथम यवाबाच्या लक्षात यावा, हे त्या वृद्ध सेनापतीला साजेसेच आहे. मग अब्याथाराचा पुत्र योनाथान वार्ता आणतो. त्यात बनायाचा आशीर्वाद पुन्हा येतो, पण आता तो सर्व राजसेवकांच्या तोंडी आहे आणि थोडा वाढला आहे : सिंहासनाबरोबर शलमोनाचे नावही दावीदाच्या नावाहून श्रेष्ठ होवो. एकाचा शब्द अनेकांचा झाला आहे. वार्ता ऐकताच पाहुणे थरथर कापत उठतात आणि ज्याची त्याची वाट धरतात. त्यांची निष्ठा एका जेवणाइतकीच टिकली. अदोनीया वेदीची शिंगे धरून अभय मागतो आणि त्याला तूर्त जीवदान मिळते.

दुसऱ्या अध्यायात निष्ठेचा हिशेब होतो. यवाब आणि अब्याथार यांच्या बाबतीत हा हिशेब विशेष अस्वस्थ करणारा आहे. अब्याथार हा दावीदाच्या वनवासापासूनचा सोबती. त्याला हद्दपार करताना शलमोन स्वतःच सांगतो की, त्याने दावीदाच्या साऱ्या क्लेशांत वाटा उचलला होता. यवाबाचे हात अबनेर आणि अमासा यांच्या रक्ताने माखले होते हे खरे. पण तो अदोनीयाकडे वळला तरी अबशालोमाकडे वळला नव्हता, हे निवेदक मुद्दाम नोंदवितो. सर्वांत मोठ्या बंडात जे दोघे राजाबरोबर राहिले, तेच आता निष्ठाहीन ठरतात. येथे ध्यानात घ्यावयास हवे की, दावीदाने सार्वजनिकरीत्या कोणालाही वारस ठरविलेले नव्हते आणि हयात पुत्रांत वडील तो अदोनीया. गीहोनच्या घोषाआधी त्यांचा पक्ष राजद्रोह नव्हता; घोषानंतर तो राजद्रोह झाला. निष्ठा ही कृतीच्या वेळी ठरत नाही, निकालानंतर ठरते, हा या अध्यायाचा निर्दय अनुभव आहे.

अदोनीया अबीशगेशी विवाहाची मागणी करतो. त्या मागणीत सिंहासनाचीच मागणी आहे, असा अर्थ शलमोन लावतो आणि बनायाच्या हातून त्याचा वध करवितो. यवाब वेदीची शिंगे धरतो. बनाया क्षणभर थांबतो, राजाकडे परत जाऊन विचारतो आणि आज्ञा मिळताच त्याला मारतो. त्यानंतर यवाबाचे सेनापतिपद बनायाला मिळते. पूर्वी दावीदाला शिव्याशाप देणारा शिमी यरुशलेमात स्थानबद्ध केला जातो. राजाची अट चांगली आहे, असे तो तोंडाने मान्य करतो. तीन वर्षांनी पळालेल्या दासांच्या मागे तो गथला जातो आणि परतल्यावर बनायाच हातात तलवार घेतो. या वधानंतर अध्यायाचे अखेरचे वाक्य येते, आणि त्यात राज्य शलमोनाच्या हाती ‘नाखोन’ झाले, असे सांगितले जाते. नाथानाच्या अभिवचनातील दुसरा शब्द असा येतो. जो ‘आमेन’ म्हणाला त्यानेच राज्य स्थिर केले. अभिवचन पूर्ण झाले, असे या वाक्याचे एक वाचन होते; ते कोणत्या हातांनी पूर्ण झाले ते पाहा, असे दुसरे. दोन्ही वाचने शब्दांत आहेत आणि निवेदक कोणतेही मागे घेत नाही. समर्थनाचा आणि विरोधाचा असे दोन्ही पक्ष याच कथेवर कसे उभे राहू शकले, त्याचे उत्तर येथे मिळते.

या रक्तपाताच्या मध्ये दावीदाची आणखी एक आज्ञा आहे आणि ती सहज नजरेआड होते. यवाब व शिमी यांच्याविषयी कठोर सूचना देताना, त्या दोहोंच्या मधोमध तो सांगतो की, गिलादी बर्जिल्लयाच्या पुत्रांशी ‘हेसेद’ राखावा, त्यांना राजपंक्तीला जेवू घालावे. कारण अबशालोमापासून पळताना ते त्याच्या मदतीला आले होते. ‘हेसेद’ म्हणजे बांधिलकीतून येणारी दया, नात्याला जागणे. बर्जिल्लयाने कोणताही घोष केल्याचे कथेत नाही. त्याने अन्न आणि बिछाने आणले होते, आणि दावीदाने यरुशलेमात येण्याचे निमंत्रण दिले तेव्हा म्हातारपण सांगून ते नाकारले होते. सिंहासनाकडून काही नको असलेल्या माणसाची निष्ठा तेवढी या अध्यायात निर्मळ राहते.

ही अस्वस्थता प्राचीन वाचकांनाही जाणवली असावी. पर्शियन काळातला मानला जाणारा ‘इतिहास’ हा ग्रंथ हीच घटना सांगताना अदोनीयाचे बंड, बथशेबेची विनंती आणि हे वध सर्वस्वी गाळतो. तेथे सर्व सरदार, वीर आणि दावीदाचे सर्व पुत्रही शलमोनाच्या हाताखाली हात देतात. संमती अखंड आहे, म्हणून कथाही शिल्लक राहत नाही. याउलट ‘राजे’ ग्रंथातच बाल राजा योआशाच्या राज्यारोहणात लोक टाळ्या वाजवून घोष करतात आणि यहोयादा याजक राजा व प्रजा यांच्यात करार घडवितो; घोषाला तेथे कराराची जोड मिळते. शलमोनाचा पुत्र रहबाम शखेमला गेला तेव्हा लोकांनी आधी अटी घातल्या. त्या धुडकावल्या जाताच घोष झालाच नाही आणि राज्य दुभंगले. शलमोनाच्या राज्यारोहणात लोकांना विचारले गेले नव्हते; ते विचारणे एका पिढीने लांबणीवर पडले, एवढेच.

पुढील काळाने या कथेतून मुख्यतः गीहोनचा क्षण उचलला. हँडेलने १७२७ मध्ये दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी सादोक, नाथान आणि लोकांचा हर्ष यांवर रचलेले गान ब्रिटिश राज्याभिषेकांत तेव्हापासून गायिले जात आहे. २०२३ मध्येही ते गायिले गेले. त्यात बनाया नाही. समारंभाला त्याची गरज नसते. मराठीत मात्र ही कथा समग्र वाचता येते. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे पंडिता रमाबाईंचे काम त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले, आणि त्यापूर्वी व नंतरही इतर भाषांतरे झाली. तिचे दोन्ही अध्याय सलग वाचणे महत्त्वाचे आहे. पहिला अध्याय एकटा वाचला तर तो अभिषेकाचे गान होतो. दुसरा त्याला जोडला की ‘आमेन’ या शब्दाची किंमत कळते आणि ती कोणी चुकविली, हेही कळते.